गयाआत्याची दस्ती

आमच्या घरात इस्त्री नव्हती, तांब्या होता. लग्नसराई सुरू झाली की दर रविवारी सकाळी माय चुलीतला विस्तव चिमट्यानं उचलून पितळी तांब्यात टाकायची, तांब्याचा काठ फडक्यानं धरायची आणि घोंगडीवर पसरलेल्या आप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून तो फिरवायची. ओलसर कापडावरून गरम पितळ गेलं की एक वास सुटतो, थोडा वाफेचा, थोडा साबणाचा. आता माझ्या घरी वाफेची इस्त्री आहे, तिला तो वास येत नाही. मी एकदा मुद्दाम तांब्यात निखारे घालून बघितले होते. गॅसवर कोळसा पेटवायचा म्हणून जाळी ठेवली, घरभर धूर केला, आणि सुनेनं मला खुर्चीत बसवून पाणी दिलं. वय झालं की माणसाला काही करून बघायचीही चोरी होते.

तर माय इस्त्री करायची आणि आप्पा अंगणात आरसा खिळ्याला टांगून दाढी करता करता त्या दिवसाच्या गाथा म्हणून बघायचे. आवाज भरदार होता. वस्तीतली कोंबडीसुद्धा त्या वेळेला गप्प असायची असं आम्ही भावंडं म्हणायचो. मायला अक्षर म्हणाल तर सहीपुरतंच येत होतं, पण वर्षानुवर्षं ऐकून तिला सगळ्या गाथा पाठ झाल्या होत्या. आप्पा मध्येच अडखळले, की भाकरी थापता थापता चुलीपुढून पुढचा शब्द यायचा. आप्पा तो उचलून पुढं जायचे. तिच्याकडून घेतला असं कधी दाखवायचे नाहीत, आणि तीही तसं दाखवून द्यायची नाही. त्यांच्या संसाराची सगळी गोडी मला आजही त्या उसन्या शब्दांत आठवते.

आप्पा मंठा तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर होते, आणि आसपासच्या गावांत आमच्या समाजात लग्न, बाळाचं नामकरण किंवा मयताचं पुण्यानुमोदन असलं की विधी लावायला जायचे. पत्रिकेवर ‘बौद्धाचार्य’ छापलेलं असायचं, लोकांच्या तोंडी मात्र ‘गुरुजी’च. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत पांढरं उपरणं, मेणबत्त्या, अगरबत्तीचा पुडा आणि पांढऱ्या सुताचं रीळ. एवढ्या सामानावर त्यांनी किती संसार उभे करून दिले असतील, त्याला गणती नाही. आणि त्याबद्दल घेतलं काय, तर काही नाही. पैसा नाही, टोपी-उपरणं नाही, साडी-चोळी नाही. पंगतीत सगळ्यांबरोबर बसून जेवायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि सायकलला टांग मारायची.

लोक काही कमी नव्हते. कुणी आप्पांची नजर चुकवून पिशवीत तुरीच्या डाळीची पुरचुंडी सरकवायचे, कुणी नोटेची घडी उपरण्यात गुंडाळायचे. आप्पा घरी येऊन पिशवी रिकामी करायचे, सापडलं की तसेच माघारी जाऊन देऊन यायचे. एका गावात तर पोराच्या बापानं सायकलच्या कॅरियरला पाय बांधून कोंबडी लटकवली. आप्पांना ती घरी पोचेपर्यंत कळली नाही. भर उन्हात कोंबडी परत करायला गेलेला माणूस मी पाहिलेला आहे, तो माझा बाप. माय दारात उभी राहून म्हणाली, “तिला बी तुमचं तत्त्व सांगायचं व्हतं, आपल्या पायानं गेली असती वापस.”

मायची कुरकुर खोटी नव्हती. मंठ्याच्या बाजारात तिला दुसऱ्या गावच्या एका गुरुजींची बायको भेटायची, तिच्या अंगावर दर लग्नसराईनंतर नवं पातळ. माय घरी येऊन नुसतं भाकरीचं पीठ जोरात मळायची. आम्हाला तेवढ्यावरून कळायचं की आज बाजारात कोण भेटलं होतं.

आप्पांचं हे ‘न घेणं’ आलं होतं त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आज्याच्या लग्नातून. तो काळ धर्मांतराच्या फार अगोदरचा. गावचा जोशी आमच्या वस्तीत यायचा नाही. ओढ्याच्या पलीकडं चिंचेखाली उभा राहायचा आणि तिथूनच ओरडून घटका भरली म्हणून सांगायचा. इकडं टाळ्या वाजायच्या, लग्न लागलं. मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी त्याला पाटावर बसवून, विड्याच्या पानावर दक्षिणा ठेवून, वर पळीभर पाणी सोडून ती हातात द्यायची रीत होती. आमच्यासाठी रीत वेगळी. ओढ्याकाठी एक सपाट दगड होता. नवऱ्या मुलाच्या बापानं त्यावर नाणं ठेवायचं आणि मागं सरायचं. मग जोशी खाली यायचा, झारीतलं पाणी नाण्यावर ओतायचा, ते धुतलं गेलं की उचलायचा आणि कनवटीला लावायचा. आज्या हे सांगताना हसायचा. आप्पा मात्र कधी हसले नाहीत. त्यांनी ठरवून टाकलं, आपल्या हातानं जे विधी होतील त्यांना पैसा शिवणार नाही. प्रत्येक लग्नात गाथा संपल्या की ते माईकवर त्या दगडाची गोष्ट सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, “आता ना कोणी दुरून देणार, ना कोणी धुऊन घेणार.” लोक टाळ्या वाजवायचे. मलाही अभिमान वाटायचा, का वाटू नये?

तो दगड अजून आहे. ओढा आटला, चिंच तोडली, दगड तेवढा राहिला. बाया त्यावर धुणं आपटतात.

गयाआत्या आप्पांची चुलत बहीण. आमच्यापासून दोन घरं सोडून तिचं पत्र्याचं घर. नवरा लवकर गेला होता, पदरात एकच पोर, शोभाताई. आत्या रोजंदारीनं कापूस वेचायची, निंदायला-खुरपायला जायची, हाताची बोटं कायम चिरलेली. दिवस मावळला की ती आमच्याकडं यायची. तुरीची, मुगाची डाळ भरडायची असली की ती आणि माय जात्याला समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि जात्याच्या घरघरीत त्यांचं बोलणं चालायचं. काय बोलायच्या ते आम्हाला नीट ऐकू यायचं नाही, मध्येच जातं थांबायचं आणि दोघी पोट धरून हसायच्या. मी अभ्यासाला बसलेली असायचे, माझं सगळं लक्ष तिकडं. त्या घरघरीत मला झोप फार छान लागायची. पुढं कित्येक वर्षं, हॉस्टेलवर, सासरी, झोप येईना की मी डोळे मिटून ते जातं आठवायचे.

गयाआत्या रिकाम्या हातानं कधी आली नाही. ओंजळभर शेंगा, पाथरीची भाजी, हरभऱ्याचा कोवळा पाला, काहीच नसलं तर शेतातून येताना वेचलेल्या चार गोवऱ्या. माय म्हणायची, “कामून आनता वं गयाबाई, रोजरोज?” तर ती म्हणायची, “वैनी, माझ्या हाताला सवय लावून राह्यले मी.” याचा अर्थ मायनं मला नंतर सांगितला. आत्या लहान असताना, गावकीच्या, म्हणजे गावाची कामं करून भाकरी मागायच्या दिवसांत, तिची आई तिला टोपलं घेऊन दारोदार पाठवायची. ‘भाकर वाढा वं माय’ म्हणून ओरडायचं, उंबऱ्यापासून लांब उभं राहायचं, आणि वरून टाकलेलं शिळंपाकं झेलायचं. वर्षानुवर्षं तिच्या हातानं फक्त घेतलं होतं. त्या हाताला आता ती देण्याचं वळण लावत होती.

शोभाताईचं लग्न जाफराबादकडच्या एका घरात ठरलं. मुलगा एस.टी.च्या डेपोत कामाला, म्हणजे आमच्या हिशेबानं मोठं स्थळ. मी तेव्हा नववीत असेन. आत्यानं त्या लग्नाची काय तयारी केली म्हणून सांगू! घराला चुना-निळीचा नवा हात, अंगणात शेणाचा सडा, येसरचा मसाला आमच्या मायच्या हातचा, कारण येसरच्या आमटीशिवाय आमच्याकडं लग्न झालं असं कुणी मानत नाही. बुंदी पाडायला मंठ्याहून आचारी. आणि लग्नाच्या आधीच्या बाजारात ती एकटीच मंठ्याला गेली नि संध्याकाळी आमच्याकडं आली, ती पदराखाली काहीतरी झाकून. मायला चुलीपाशी नेऊन तिनं उघडून दाखवलं. पांढरी शुभ्र दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडं हातरुमाल. कडेला निळी बारीक रेघ होती.

“दादासाठी,” आत्या म्हणाली. “हिच्यात एक नोट बांधीन आन् लगन लागलं की त्येच्या हातात देईन. आजवर आपल्यात कोनी दिलं का वैनी, आपल्या मानसाला, हातात हात टेकून? मी देनार.”

मायनं दस्ती हातात घेतली, बोटांनी तिचं सूत बघितलं. मग म्हणाली, “ते घेत न्हाईत वं बाई.”

“दुसऱ्याचं न्हाई घेत. माझं घेतंल. मी बहीन हाय त्येची.”

मायनं हे आप्पांना सांगितलं का, ते मला माहीत नाही. बहुतेक सांगितलं नाही. तिलाही वाटलं असणार की बहिणीपुढं तत्त्व वाकेल.

लग्न छान लागलं. शोभाताई पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की तिची सासूसुद्धा टक लावून बघत राहिली. आप्पांनी गाथा म्हटल्या, फुलांच्या पाकळ्या पडल्या, टाळ्या झाल्या. सासू मोठ्या आवाजाची बाई होती. शेजारणीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली, “आमच्याकडं गुरुजीचा मान असतो, बराबर पोषाख करतो आम्ही. हितं काही रीत दिसत न्हाई.” गयाआत्यानं ते ऐकलं. तिचा चेहरा उजळला, कारण उत्तर तिच्या पदरात तयार होतं. ती सगळ्या माणसांमधून पुढं आली. आप्पा माईकपाशी उभे होते. तिनं दस्तीची पुरचुंडी दोन्ही हातांवर ठेवून पुढं केली.

आप्पांनी हात जोडले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण समोर माईक, पाहुणे परगावचे, आणि सासूचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलेलं. त्यांना वाटलं, बहिणीची बाजू सावरावी. ते माईकवर म्हणाले, की बंधू-भगिनींनो, ही माझी बहीण, रोजंदारी करून पोट भरते, हिच्याकडून मी एक पैसा घेतला तर माझ्यात आणि ओढ्यापलीकडं उभ्या राहणाऱ्या त्या माणसात काय फरक? आणि मग दगडाची गोष्ट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूनंही वाजवल्या. एवढा वेळ गयाआत्या हात पुढं करून उभी होती. दोन्ही हात, त्यावर दस्ती. रोजंदारी करून पोट भरते, हे तिच्या नव्या सोयऱ्यांना तिच्या भावानं माईकवरून सांगितलं होतं.

टाळ्या थांबल्या तेव्हा ती बोलली. हळूच बोलली, पण माईक चालू होता, त्यामुळं मांडवाच्या पार टोकापर्यंत, स्वयंपाकाच्या चुलवणापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

“मंग त्या दगडावर ठिवू का, गुरुजी? पानी टाकून घेतान का?”

मी आप्पांकडं बघत होते. त्यांचे हात जोडलेलेच राहिले. बँडवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं जोरात वाजवायला सुरुवात केली आणि ती वेळ निघून गेली. आत्यानं पुरचुंडी पदरात खोचली, पंगतीत वाढायला उभी राहिली, व्याह्यांना आग्रह केला, लेकीची पाठवणी केली. कुठं काही कमी पडू दिलं नाही. आप्पांच्या पत्रावळीत बुंदी तिनंच वाढली. पण ‘जेव, दादा’ म्हणाली नाही. लहानपणापासून ती आप्पांना ‘दादा’ म्हणत आली होती, आणि त्या दिवशी माईकवरून, सगळ्या जगासमोर, ती त्यांना ‘गुरुजी’ म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मायनं मुगाचं पोतं काढून ठेवलं होतं, तिनं एकटीनं जातं ओढून बघितलं. एका हातानं ओढलेल्या जात्याचा आवाज निराळा येतो, मध्ये मध्ये अडतो. आप्पा ओसरीवर वह्या तपासत होते. जातं अडलं की त्यांचा लाल पेन थांबायचा. असे बरेच दिवस गेले. आत्या वाटेत भेटली तर मायशी बोलायची, आम्हा पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायची, पण आमचा उंबरा तिनं सोडला. मला तर संध्याकाळ नकोशी व्हायची. दिवा लावायची वेळ झाली की मी उगीच दारापर्यंत जाऊन यायचे.

शेवटी एक दिवस माय पोळपाट बाजूला सारून उभी राहिली. मी तिला आप्पांशी एवढ्या चढ्या आवाजात बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. “तुमचं तत्त्व तुमच्यापाशी ठिवा. माझी नणंद मला आनून द्या. ज्याच्यापाशी काही न्हाई त्याचं घ्यायचं न्हाई म्हनता. मंग त्यानं जल्मभर घेतच राहावं का? तिचा हात वर झाल्ता, तो तुम्ही पुन्हा खाली केला.”

आप्पा उठले, चपला घातल्या आणि दोन घरं चालत गेले. मी मागून गेले, कुणी मला नको म्हटलं नाही. आत्या अंगणात सरपण फोडत होती. आप्पा म्हणाले, “गये, चुकलं माझं. दे ती दस्ती.”

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. रागावलेली वाटली नाही, समजावून सांगावं तसं म्हणाली, “आता कशाची देऊ, गुरुजी? लगन लागलं, त्याचं देनं त्या टायमालाच व्हतं. आता तुम्ही मागून राह्यले. मागून घेतलं म्हंजे भीक झाली. भीक मी लय मागली, मला तिची चव ठावं हाय. तुमच्या हातात न्हाई घालनार.” मग कुऱ्हाड पुन्हा उचलत, “माझ्या घरी काही काम निघलं तर पाहू.”

तिच्या घरी आणखी कसलं काम निघणार होतं? एकच लेक, ती दिलेली. आप्पा परत आले आणि त्यांनी मायला जसंच्या तसं सांगितलं. माय म्हणाली, “बराबर बोलली ती.” आणि मग पोळपाट पुन्हा पुढं ओढून, “पहिलं बाळंतपन माहेरी असतंय.”

तेव्हापासून माझे आई-बाप शोभाताईच्या पहिल्या बाळाची अशी वाट बघायला लागले की तिच्या सासूनंही बघितली नसेल. जाफराबादकडून कुणी आलं की माय काहीतरी निमित्त काढून चौकशी करायची. आप्पा ऐकत नाही असं दाखवून ऐकायचे. मधल्या काळात त्यांनी लग्नं लावली, पण दगडाची गोष्ट सांगणं बंद केलं. लोक म्हणायचे, गुरुजी, ते दगडाचं सांगा की. आप्पा घशाला हात लावून, आवाज बसलाय म्हणायचे.

शोभाताई दिवाळीच्या पुढं माहेरी आली आणि थंडीत तिला मुलगी झाली. सगळ्या वस्तीला कळलं, आत्यानं वाजवलेल्या थाळीचा आवाज आम्हाला घरात ऐकू आला. आता आत्या नामकरणाला कुणाला बोलावणार? मंठ्याला दुसरे गुरुजी होते, पोषाख घेणारे, त्यांना बोलावलं तर कुणाला नाव ठेवता आलं नसतं. मग एका सकाळी ती अंगणात येऊन उभी राहिली, उंबऱ्याच्या आत नाही, आणि मायकडं बघून म्हणाली, “वैनी, ऐतवारी नाव ठिवायचंय. गुरुजीला येळ असंल तर इचारा.” आप्पा आत, तिच्यापासून चार हातांवर बसले होते. मायनं मान आत वळवून विचारलं, “येळ हाय का?” आप्पा म्हणाले, “हाय.” मायनं मान बाहेर वळवून सांगितलं, “हाय म्हनतात.” मला हसू आवरेना, मी तोंडात पदर कोंबला. माझा कसला पदर, परकर-पोलक्यातली मी, परकराचं टोकच कोंबलं असेल.

त्या रविवारी आप्पांनी सदऱ्याला दोनदा इस्त्री करून घेतली. नामकरण साधंच होतं, वस्तीतली माणसं, पाळण्याला झेंडूची फुलं, गूळ-खोबरं. आप्पांनी गाथा म्हटल्या, पांढरं सूत बाळाच्या इवल्या मनगटाला बांधलं. नाव ठेवलं सुजाता. सगळं झालं. एरवी विधी संपला की आप्पा उपरणं घडी करून मिनिटात मोकळे व्हायचे. त्या दिवशी त्यांनी उपरण्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मेणबत्तीचं ओघळलेलं मेण नखानं खरवडलं. अगरबत्तीची राख कागदात भरली. आत्या माणसांना गूळ-खोबरं देत होती, बाया-पोरांची विचारपूस करत होती, त्यांच्याकडं बघत नव्हती. आप्पांना मागता येत नव्हतं आणि निघता येत नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी देणाऱ्यांना ताटकळत ठेवलं त्यांच्यावर ती पाळी आली होती. मला त्यांची फार कीव आली, आणि आत्या देणारच नाही की काय म्हणून मी तिच्या हातांवरून नजर काढेना.

माणसं पांगली. मग आत्यानं हात धुतले, पदराला पुसले, उतरंडीच्या सगळ्यात वरच्या गाडग्यातून पुरचुंडी काढली. तीच दस्ती, तीच निळी रेघ, गाठही बहुतेक तीच. ती आप्पांसमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले.

आप्पांनी उजवा हात पुढं केला.

“दोन्ही!” माय मागून ओरडलीच. “दोन्ही हात करा, दोन्ही! एवढं बी ठावं न्हाई का मानसाला?”

कसं ठाऊक असणार? कधी घेतलंच नव्हतं. आप्पांनी घाईघाईनं दुसरा हात जोडला, दोन्ही तळहात उघडले, आणि आत्यानं पुरचुंडी त्यांत ठेवली. ठेवताना तिच्या चिरलेल्या बोटांनी त्यांचे तळहात खालून धरले, क्षणभर. नाणं धुवायला पाणी कुणी आणलं नव्हतं, पण तिथं पाणी आलं, तिच्याही डोळ्यांतून, त्यांच्याही. आत्या नाक ओढत म्हणाली, “चल, जेवून घे, दादा.”

त्या संध्याकाळी ती आमच्याकडं आली. हातात हरभऱ्याचा पाला होता. जातं सुरू झालं आणि मी पुस्तकावर डोकं ठेवून झोपून गेले.

त्यानंतर आप्पा घ्यायला लागले. घरातल्या बाईच्या हातून, दोन्ही हातांनी, ती जे देईल ते, मग ते ओंजळभर ज्वारी असो की नुसतं फूल. पुरुषानं खिशातून नोट काढली तर म्हणायचे, “घरात द्या, त्या देतील.” पैसा आलाच तर त्याची विहाराला मेणबत्ती आणि तेल. मायला नवं पातळ काही कधी मिळालं नाही, पण ती पीठ जोरात मळायची बंद झाली. आता मी शहरात लग्नांना जाते. कुठल्याही धर्माचं असो, हॉलचा मॅनेजर विचारतो, पाकीट तयार आहे का? पाकीट नवऱ्या मुलाचा मामा नाहीतर मित्र जाता जाता देतो, घेणारा न बघता खिशात घालतो. कुणाचं काही अडत नाही. मला मात्र तिथं उभं राहून गयाआत्याचे हात आठवतात, आणि बुंदी मी पानात तशीच ठेवते.

आप्पा गेले तेव्हा मी दोन मुलांची आई होते. पुण्यानुमोदनाला आमच्या जुन्या घरापुढंच मांडव घातला. विधीला परतूरकडचा एक तरुण गुरुजी आला होता, विशीबाविशीचा, स्वच्छ, तळमळीचा. आप्पांना तो कधी भेटला नव्हता, पण त्यांची कीर्ती त्यानं ऐकली होती. गाथा म्हणून झाल्यावर त्यानं माईकवर सांगितलं, की या माणसानं आयुष्यात कुणाचा एक पैसा घेतला नाही, खुद्द बहिणीनं देऊ केलं तरी हात जोडले. त्या लग्नातली गोष्ट वीस गावांत फिरली होती. नामकरणाला माणसंच किती होती? ती गोष्ट आमच्या दोन घरांबाहेर गेलीच नाही, आणि पुढं बायांनी दिलेली ओंजळभर ज्वारी कुणी माईकवर सांगत नाही.

तेवढ्यात गयाआत्या उठली. मोतीबिंदूनं तिला धड दिसत नव्हतं, सुजाता, तीच पाळण्यातली, आता कॉलेजात जाणारी, तिचा दंड धरून होती. आत्याच्या हातात पांढरी दस्ती होती, नवी. तिनं दोन्ही हात पुढं केले, आवाजाच्या अंदाजानं, जरा चुकीच्याच दिशेला.

तरुण गुरुजीनं हात जोडले. “नको, आजी. आम्ही घेत नाही. गुरुजींचीच शिकवण आहे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याचे हात तसेच राहिले, माझ्या डोळ्यांपुढं ती जुनी दुपार उभी राहिली. खरं तर मी उठायला हवं होतं. उठली ती माय. पंधरवडाभर ती भिंतीला टेकून बसलेली होती, कुणाशी बोलत नव्हती, धड जेवत नव्हती. ती चालत पुढं गेली आणि त्या पोराच्या जोडलेल्या हातांना तिनं स्वतः धरून उघडलं.

“घे, बाबा,” ती म्हणाली. “त्यांनी बी घेतल्तं. दोन्ही हातांनी घे.”

त्यानं घेतलं. आत्याला दिसत नव्हतं, म्हणून तिनं त्याचे तळहात खालून चाचपून बघितले, दोन्ही आहेत ना याची खात्री केली. मग त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

“चल, जेवून घे, दादा,” ती म्हणाली.

आप्पा गेल्यापासून मी रडले नव्हते. तेव्हा रडले.